शिरेतलं रक्त ‘अशुद्ध’ असतं का?

प्रश्न : रक्तदानाच्या पिशवीतलं रक्त काळपट दिसतं. ते अशुद्ध असतं का? आमच्या आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी झाली, तेव्हा काही मुलांच्या नळीतलं पाणी गढूळ झालं. त्याचा ऑक्सिजनशी काही संबंध आहे का?
— एक शिक्षिका, बोईसर

उत्तर : बाई, ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द शाळेपासून आपल्या डोक्यात बसलाय. तो मुलांना शिकवू नका. पिशवीतलं रक्त शिरेतलं असतं, म्हणून गडद दिसतं. पण माणूस स्वस्थ बसलेला असेल, तर शरीरभर फिरून हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही सुमारे तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, सोडलेलं काळपट. फरक एवढाच.

हिमोग्लोबिन नसतं तर आपलं काही खरं नव्हतं. 100 मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन नुसता विरघळतो तो जेमतेम 0.3 मिलिलिटर. हिमोग्लोबिनमुळे तो 20 मिलिलिटरपर्यंत मावतो.

कार्बन डायऑक्साइडचा प्रवास निराळा. त्याचा सुमारे 70 टक्के भाग बायकार्बोनेट होऊन जातो, म्हणजे खाण्याच्या सोड्यात असतं तेच. हे रूपांतर तांबड्या पेशीतलं एक विकर क्षणार्धात करतं. फुप्फुसात उलटी क्रिया होते आणि वायू उच्छ्वासातून बाहेर पडतो. बाकीच्यातला बराचसा हिमोग्लोबिनला चिकटून येतो, थोडा नुसता विरघळून. जिथे हा वायू जास्त साठतो तिथे हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं, हे डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी 1904 मध्ये दाखवलं. म्हणूनच खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या पोटऱ्यांना नेमका हवा तेव्हा जादा ऑक्सिजन मिळतो.

सिकलसेलमध्ये घात होतो तो याच क्षणी. त्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन धरलेला असेपर्यंत ते नीट वागतं. सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, रुग्णाची 10 ते 20 दिवस. मग मूल पांढुरकं दिसतं, पटकन दमतं. अशा मुलाला आळशी म्हणू नये.

तुम्ही पाहिलेल्या नळीतही हेच घडलं. तिच्यातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं, सिकलचं हिमोग्लोबिन विरघळेनासं होतं आणि पाणी गढूळ होतं. मात्र मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे त्या गढूळपणावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. वाहक सहसा ठणठणीत असतो, पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. जव्हार, मोखाडा, डहाणूच्या पाड्यांवर हा आजार आहे. ज्या मुलांची नळी गढूळ झाली, त्यांच्या आईवडिलांना स्वतः भेटा आणि दुसऱ्या तपासणीला पाठवाच.