मांजराचे केस, लाकडी जमीन आणि दमा

दमा असलेल्या मुलांचे पालक मला हमखास विचारतात, “डॉक्टर, मांजराचा केस पोटात गेला तर?” पोटाची काळजी नको, प्रश्न श्वासाचा आहे. मांजराची अ‍ॅलर्जी असते ती केसाची नव्हे, तर त्याला चिकटलेल्या लाळेतील व कोंड्यातील प्रथिनाची. कोरड्या केरसुणीने ते उडाले की तासन्‌तास हवेत तरंगते. म्हणून माडीच्या सागवानी फळ्या झाडू नयेत, घट्ट पिळलेल्या फडक्याने फळीच्या रेषेत पुसाव्यात. फटींतले केस फडक्याच्या टोकाने ओढून काढावेत. पाणी मात्र ओतू नये, लाकूड फुगते. फिनेलही नको, पंजे चाटणाऱ्या मांजराला ते विषारी. पुसताना मूल बाहेर असावे. मांजर अंथरुणात तर नकोच. ते कुणाला देऊन टाकले, तरी हे प्रथिन घरात काही महिने टिकते. पुसणे चालूच ठेवावे.