चाकं सरळ होती का?

सातारा

चि. विनू,

काल बाजारात दाजींच्या ओळखीचा तो वडापवाला भेटला. म्हणाला, "भाच्यानं स्टेअरिंग झकास टाईट करून दिलं, प्ले सगळा गेला. फक्त वळणावरून आता हातानं ओढून परत आणावं लागतं." तो कौतुकानं सांगत होता आणि मला इकडं घाम फुटला. अरे, ती जीप माणसं कोंबून केळघरचा घाट उतरते.

फोनवर तू "हो मामा" म्हणून मोकळा होतोस, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी पाठवतोय. एकच विचारतो: स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळलास तेव्हा चाकं सरळ होती का?

नसणारच. बॉक्समधले दात मुद्दाम असे घडवलेले असतात की मधोमध घट्ट बसावेत आणि दोन्ही टोकांना सैल. वळलेल्या चाकावर प्ले काढलास, तर सरळ आल्यावर ते एकमेकांत रुतणार. मग स्टेअरिंग आपोआप परतेल कसं? आणि खालचं बघितलंस का आधी? एकानं स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून टाय रॉडच्या एंडवर बोट ठेवायचं. बॉल खटखटत असेल तर बोटाला लगेच कळतं. पुष्कळदा प्ले तिथं नाहीतर किंग पिनला असतो आणि बॉक्स फुकट बदनाम होतो.

आता नीट कर. ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडव, म्हणजे चाकांचा भार हाताला फसवणार नाही. सेक्टरचा स्क्रू ढिला करून आधी वर्मच्या बेअरिंगचा लूज काढ. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोज, पण टोकाला आपटू देऊ नकोस, आणि बरोबर निम्म्यावर ये. तिथं स्क्रू किंचित किंचित आवळ. मधून जाताना हाताला जरासा जडपणा लागावा, अडकू नये. स्क्रू पेचकसानं धरूनच चेकनट मार, नाहीतर तोही बरोबर फिरतो. पण चाकं सरळ, विनू. ते आधी.

आमचे उस्ताद "चाक सरळ!" एवढंच ओरडायचे. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ते गेल्यावर भंगारातला एक बॉक्स उघडला, तर मधले दात झिजून गुळगुळीत, कडेचे अगदी कोरे. गाडी जन्मभर सरळच धावते, झीज मधेच होणार, आणि तीच भरून काढायची असते. तो बॉक्स त्यांच्यापुढं ठेवून दोन गोष्टी बोलायच्या राहून गेल्या. तू माझ्याकडं होतास तेव्हा मीही नुसता ओरडतच राहिलो, नाही का?

असो, फार बोललो. तू गॅरेज टाकल्याचं ताईनं कळवलं, त्या दिवशी मी इथं सगळ्यांना चहा-भजी दिली होती. तुला बोललो नाही इतकंच. वडापवाल्याला गाडी उभी करायला सांग. त्याचा दिवसाचा धंदा बुडेल तो मी भरून देईन, तू त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. उद्या सकाळच्या एसटीनं येतो. माझे गुडघे आता खाली झोपू देत नाहीत, तेव्हा बोट तुझं आणि स्टेअरिंग मी हलवीन. ताईला दोन भाकऱ्या जास्त थापायला सांग. आणि रात्री त्या मिणमिणत्या बल्बखाली काम करत बसू नकोस, डोळे आधीच दाजींवर गेलेत तुझे.

तुझा,
मामा