‘आपण कशाला मध्ये पडायचं?’

आई-बाबांनो, नोव्हेंबरात इथे ब्रिटनमधल्या शाळांमधून निरोप येतो, मुलांना दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून पाठवा. ‘ऑड सॉक्स डे’! दादागिरीविरोधी सप्ताहातला हा दिवस. आपण एक निळा, एक पिवळा मोजा शोधून देतो आणि विसरून जातो.

मोजे राहू द्या. बऱ्याच शाळांत दादागिरी रोखण्याचं काम वर्षभर चालतं, तेही मुलांच्याच हातून. ‘द डायना अवॉर्ड’ ही संस्था मुलांना प्रशिक्षण देऊन ‘अँटी-बुलिंग ॲम्बॅसडर’ बनवते. कुणी एकटं पडलं असेल तर त्याची विचारपूस करायची, गंभीर काही कळलं तर शिक्षकांच्या कानावर घालायचं. तुमची लेक म्हणाली, ‘मी नाव देऊ?’ तर आपला पहिला प्रश्न ठरलेला, ‘अगं, जीसीएसई परीक्षेचं काय?’ दुसरा त्याहून जुना, ‘आपण कशाला मध्ये पडायचं?’

खरी अडचण या दुसऱ्या प्रश्नात आहे. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवर केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. छळ चालू असताना बहुतेक वेळा इतर मुलं तिथे हजर होती. त्यातलं कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. पण मध्ये पडणारे थोडेच, बाकीचे बघत राहिले. त्या बघणाऱ्यांत आपली हुशार, शहाणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मुलं असतात. तो शहाणपणा आपणच शिकवलेला.

म्हणून लेकीला नाव देऊ द्या. मात्र तिने शिपाईगिरी करायची नाही, मारामारीत तर मुळीच शिरायचं नाही. इंग्लंडमध्ये 2006 च्या कायद्याने छळ रोखण्याचे उपाय ठरवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली आहे, तेरा वर्षांच्या पोरीवर नाही. रात्री ती दुसऱ्याच्या दुःखाने जागी राहत असेल, तर शाळेशी तुम्ही बोला.

डब्यातल्या भाजीच्या वासावरून किंवा नावावरून आपल्याच मुलाला चिडवत असतील, तर ‘दुर्लक्ष कर’ म्हणून विषय मिटवू नका. काय झालं, कधी झालं, लिहून ठेवा आणि शाळेत जा. घरी सांगवत नसेल तर चाइल्डलाइन या मुलांच्या हेल्पलाइनचा 0800 1111 हा फुकटचा नंबर त्याला माहीत असू द्या.

आणि कधी शाळेतून उलटाच फोन आला, चिडवणारा तुमचाच आहे म्हणून? ‘आमचा तसा नाही हो’ हे वाक्य समोरच्याचं सगळं ऐकून होईपर्यंत तरी गिळा.