हळू चालणाऱ्याला पुढे ठेव

अगं, ऑफिसातली वीस माणसं घेऊन राजगडावर जायचं म्हणतेस, ते छानच. वाटेची काळजी करू नको, पायथ्याच्या गुंजवण्यातलं शाळकरी पोरही ती दाखवेल. काळजी माणसांची कर. विसातले चौघे रोज पळायला जाणारे असतील, सहा जण लिफ्टशिवाय दुसरा मजला न चढणारे, आणि उरलेले "बघू, जमेल" म्हणणारे. हे सगळे वर पोचले पाहिजेत आणि पोचल्यावर गड बघण्याइतका दम त्यांच्या अंगात उरला पाहिजे, एवढंच तुझं काम. कितीतरी लोक धापा टाकत पद्मावती माचीवर येतात, तलावाकाठी आडवे होतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. राजगडाचं खरं बांधकाम त्यापुढे आहे.

आधी वाट ठरव. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने नसरापूर फाट्याला आत वळलीस की मार्गासनीवरून पुढे गुंजवणे आणि पाली, पायथ्याच्या या दोन्हीकडे जाता येतं. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट जवळची, पण खडी. शेवटच्या टप्प्यात कातळ आहे, रेलिंगला धरून एका वेळी एकानेच चढायचं. पालीकडून पाली दरवाजाने जाणारी वाट हा गडाचा राजमार्ग. ती रुंद आहे, दमादमाने चढता येते, पायऱ्या आहेत. तुझ्या मिश्र घोळक्याला पालीच बरी. पोरांनी चोर दरवाजाचा हट्ट धरलाच तर तिथून चढा, उतरू नका, आणि रविवार टाळा. सुट्टीच्या सकाळी त्या रेलिंगपाशी अर्धा-पाऊण तास नुसतं ताटकळावं लागतं. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणार असाल तर गाडीवाल्याला सकाळीच सांगून ठेव, वर गेल्यावर फोन लागेलच असं नाही.

रांग अशी लाव: सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या लगेच मागे सगळ्यांत हळू चालणारं माणूस. वेग त्याचा. शेवटी एक अनुभवी गडी, त्याच्याकडे शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेवटच्याच्या मागे कुणी रेंगाळायचं नाही. वाट जिथे फुटते तिथे शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. आणि एक गोष्ट नेहमी चुकते ती ऐक. पुढचे दहा मिनिटं बसून ताजेतवाने होतात, मागचे घामाघूम होऊन पोचतात, आणि ते पोचले रे पोचले की पुढचे म्हणतात, "चला." म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सगळ्यांत जास्त, त्यालाच तो मिळत नाही. शेवटचा आला की त्याच्यासाठी पाच मिनिटं मोज, मगच हल. बोलता बोलता चढता येईल तो वेग बरोबर. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

जोड्याही लाव. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर नजर ठेवायची. वीस जण एकट्या तुझ्याने मोजून होणार नाहीत, पण दहा जोड्या आपापलं माणूस बरोबर सांभाळतात.

बूट नवे नकोत, निदान पंधरा दिवस वापरलेले हवेत. तळ झिजलेले तर नकोतच, सह्याद्रीच्या घसाऱ्यावर ते टिकत नाहीत. पायाची नखं आदल्या दिवशी कापायला सांग. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि वाढलेलं नख संध्याकाळपर्यंत काळंनिळं पडतं. जीन्स नको, भिजली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. पावसाळा सरल्यावर गेलात तर गवताची कुसळं मोज्यात घुसतात, पायभर पँट असू दे. प्रत्येकाच्या सॅकमध्ये टॉर्च हवीच. मोबाइलचा उजेड तिच्या जागी धरू नको, बॅटरी फोनसाठी लागते.

पाणी माणशी तीन लिटर, आणि तहान लागायच्या आधी घोट घोट प्यायचं. आता बायकांचं बोलते, कारण पुरुष म्होरके हे कधी बोलत नाहीत. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी बालेकिल्ल्याखाली चक्कर येते ती त्यांनाच. तू उघड सांग. पायथ्याच्या ज्या घरी चहा घ्याल तिथे आधीच विचारून ठेव, वाटेत थांबायचं ठिकाण तू स्वतः निवड, सोबत एक ओढणी आणि छत्री ठेव, वापरलेलं पॅड परत आणायला झिपची पिशवी ठेव. तू मोकळेपणाने बोललीस की बाकीच्या पाणी पितील.

खाणं थोडं थोडं, पण सारखं. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, दशम्या. लिंबू, मीठ आणि साखर वेगळ्या पुडीत. जेवण गावातच आधी सांगून ठेव: पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. ते उतरल्यावर खायचं. भर चढाआधी पोट तुडुंब भरलेलं असलं की पाय उचलत नाहीत. जेवण सांगाल त्याच घरी माणसं किती, कोणत्या वाटेने गेलोय आणि खाली किती वाजता यायचंय हे सांगून ठेव. तुम्ही वेळेत आला नाहीत तर पहिला शोध तेच घेतील.

वाट चुकली असं वाटलं तर पुढे जाऊन शोधू नको. माणसांची वाट आणि ढोरवाट सुरुवातीला सारख्याच दिसतात. ढोरवाट थोडं जाऊन झुडपात विरते, माणसांच्या वाटेवर कातळ झिजून गुळगुळीत झालेला असतो. जिथपर्यंत खात्री होती तिथपर्यंत सगळ्यांना मागे आण. उगाच दरीकडे उतरायचं तर नाहीच.

कड्याकपारींत आग्यामोहळं असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, स्पीकर, सगळं बंद. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, डोकं-तोंड कापडाने झाकून तिथून दूर निघायचं. तटाच्या भोकात, दगडाखाली हात घालायचा नाही, फुरसं तिथेच पडून असतं. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, काही नको. अंगठी-बांगड्या काढायच्या, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली न्यायचं आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं.

आता वेळेचा हिशेब. धडधाकट माणसाला चढायला अडीच-तीन तास लागतात, तुझ्या घोळक्याला चार धर. पहाटे निघून सहाला पायथा गाठलात तर दहाला पद्मावती माची. पुढे संजीवनी माची, सुवेळा माची आणि बालेकिल्ला हे तिन्ही एका दिवसात वीस माणसांना होत नाहीत. दोन निवड. माझं ऐकशील तर संजीवनी सोडू नको. ही माची टप्प्याटप्प्याने उतरत गेली आहे. तटाला बाहेरून दुसरा तट आहे आणि दोहोंच्या मध्ये अरुंद बोळ. बुरुजालाही बाहेरून दुसरा बुरुज, म्हणून त्याला चिलखती बुरुज म्हणतात. बाहेरचा ढासळला तरी आतला लढता राहतो. अरुंद जिन्याने एकेकाला त्या बोळात उतरव. दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंत आणि वर आभाळाची पट्टी. तिथे उभं राहिलं की शत्रू आत शिरला तरी पुढे त्याचं काय होणार होतं ते न सांगता कळतं. तटाच्या माथ्यावरून मात्र कुणाला चालू देऊ नको, दगड सुटे झालेत आणि खाली दरी आहे.

बालेकिल्ला निवडलास तर कातळात खोदलेल्या खोबण्या आणि रेलिंग धरून चढायचंय. उतरणाऱ्यांना आधी वाट द्या, सॅक खाली ठेवा आणि माकडांपासून राखायला एकाला बसवा. उतरताना तोंड कातळाकडे. पावसात किंवा शेवाळ असताना बालेकिल्ला नकोच.

इतिहास सांगायला एकच माणूस नको, लोक पेंगतात. निघायच्या आधी एकेक ठिकाण एकेकाला वाटून दे, तिथे पोचल्यावर त्याने दोन मिनिटं बोलायचं. सईबाईंच्या समाधीपाशी एकाने सांगावं की शिवाजी महाराजांच्या या राणी १६५९ मध्ये इथेच गेल्या. दुसऱ्याने सांगावं की १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले तरी राजगड महाराजांकडेच राहिला, आणि पुढच्या वर्षी आग्र्याहून सुटून ते याच गडावर परतले. तिसऱ्याने राजाराम महाराजांचा इथला १६७० चा जन्म सांगावा. बालेकिल्ल्याच्या दरवाजात अफजलखानाचं शिर पुरलं असं म्हणतात. ते सांगताना "म्हणतात" हा शब्द गाळू देऊ नको. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात राजगड आहे, हेही कुणीतरी सांगावं. ज्याने ते सांगितलं, कचऱ्याची पिशवी खाली आणायचं काम त्याचंच.

दुपारी तीनला उतरायला लाग, मग काही बघायचं राहिलं तरी चालेल. बहुतेक पाय मुरगळतात ते उतरताना, सगळे दमलेले आणि गप्पांत असताना. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, घसाऱ्यावर पाय तिरका. इथेही हळू चालणारं माणूस पुढेच. घरी जायच्या ओढीने पळणाऱ्यांना तू आवर, त्यांनी राग धरला तर धरू दे. मुक्कामाचा विचार असेल तर आधी गावात नियम विचारून घे, गडावरच्या देवळात झोपायला मिळेलच असं धरून चालू नको.

खाली आल्यावर ज्या घरी सांगून गेला होतात त्यांना आल्याचं सांग, जेवा, त्यांचे पैसे घासाघीस न करता दे. आणि गाडी सुरू व्हायच्या आधी स्वतः उभी राहून माणसं मोज. वीस निघाली होती, वीस बसली, म्हणजे म्होरकी म्हणून तू पास झालीस.