मुखपट्टी कोणासाठी?

वारकरी सज्जनहो, कोरोनाच्या साथीचे दिवस मागे पडले. पण त्या दिवसांचा धडा मागे पडू देऊ नये.

त्या काळात आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीच्या हमरस्त्यावर, 'मास्क नाही तर प्रवेश नाही' अशा पाट्या दिसत. मास्क बहुतेकांपाशी होता. पण कुणाचा हनुवटीला, कुणाचा खिशात. पोलीस दिसला की तो नाकावर चढे, चौक ओलांडला की खाली येई. कोणी टोकले तर उत्तर ठरलेले : "मला काय होतंय ओ? पांडुरंग हाय की पाठीशी!"

उत्तर भाविकाचे वाटते खरे, पण त्यात एक चूक आहे. बोलताना, गाताना तोंडातून बारीक थेंब उडतात. काही इतके सूक्ष्म की कोंदट खोलीत तरंगत राहतात. आणि बाधा झालेला माणूस लक्षणे दिसण्याआधीच ती दुसऱ्याला देऊ शकतो. साधी कापडी पट्टी बांधणाऱ्याला थोडी राखते, समोरच्याला अधिक राखते. म्हणजे प्रश्न 'मला काय होईल?' हा नव्हताच. 'माझ्यामुळे कुणाला काय होईल?' हा होता.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एक गायकवृंद सुमारे अडीच तास तालमीस बसला. एकसष्ट जणांपैकी त्रेपन्न आजारी पडले, दोघे दगावले. मोकळ्या गळ्याने गाणे हे तर आपलेही साधन. म्हणून हा दाखला आपण विसरू नये.

सर्वच मास्क न लावणारे हट्टी होते असेही नाही. दमेकऱ्याला, ओझे वाहणाऱ्या हमालाला, ओठ पाहून बोलणे समजणाऱ्याला तो जड गेला. दोष देण्याआधी अडचण विचारावी, हीही दयाच.

२०२० आणि २०२१ साली संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची पायी वारी वारकऱ्याने दुसऱ्याच्या जिवासाठी थांबवली. तिच्यापुढे वीतभर फडक्याचे ओझे ते काय?

२०२२ च्या गुढीपाडव्यापासून सक्ती उठली. दंड गेला, परपीडा टाळण्याचा नेम मात्र आपलाच आहे. तेव्हा खोकला-पडसे असेल तर भजनाला घरूनच हात जोडावेत. जाणे भागच असेल तर नाक-तोंड झाकावे, मंडपाच्या खिडक्या उघडाव्यात. शेजारी टाळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माउलीतही विठ्ठलच आहे ना?

रामकृष्ण हरि.