उतारावरच्या काजूला मासळीचं खत

प्रश्न : जांभ्याच्या उतारावर काजूची कलमं लावतोय. बंदरावर टाकाऊ सुकी मासळी स्वस्त मिळते. ती खड्ड्यात घालू का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : घाला, पण कुजवूनच. ताजी किंवा अर्धवट कुजलेली मासळी मुळांशी गेली, तर कोवळी मुळं करपतात आणि वासावर आलेली कुत्री, रानडुकरं कलमासकट खड्डा उकरतात. मासळी खारवलेली असेल, तर आधी गोड्या पाण्यात दोनतीनदा धुवा. मग शेण, पालापाचोळा आणि मातीचे थर देऊन वास पूर्ण जाईपर्यंत कुजू द्या. घाई इथेच नडते.

मासळीच्या खतात नत्र साधारण ४ ते १० टक्के आणि स्फुरद ३ ते ९ टक्के असतं, पालाश मात्र जेमतेम. म्हणून सोबत थोडी चुलीतली राख मिसळा. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, त्यालाही राखेचा उपयोग होतो.

खरी काळजी उताराची. जून-जुलैच्या झडीत वर पसरलेलं खत थेट वहाळात जातं. तुमचे पैसेही गेले आणि पाणीही नासलं. कलमाच्या चढाकडच्या बाजूला पाणी वळवणारा चर काढा, उताराकडे अर्धचंद्राकृती बांध घाला आणि तो दगडांनी पक्का करा. खड्डा भरताना कुजलेलं खत मातीत नीट मिसळा. पुढचा हप्ता ऑगस्टअखेर, पावसाचा जोर ओसरल्यावर, बुंध्यापासून वीतभर लांब उथळ चरात द्या आणि वरून माती ओढून पाल्याचं आच्छादन घाला.