तीर्थसेवा आणि औषधोपचार

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कृष्णामाईच्या काठी श्रीक्षेत्र औदुंबर वसले आहे. श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे एक चातुर्मास वास्तव्य केले. तेथील विमल पादुकांच्या दर्शनास बारमाही भाविक येतात. त्यांत दीर्घ आजाराने वा मनोव्यथेने गांजलेले आणि त्यांचे आप्तही असतात.

या स्थानाची महती ‘श्रीगुरुचरित्रा’च्या सतराव्या अध्यायात वर्णिली आहे. करवीरच्या एका विद्वानाचा पोरका, मंदमती मुलगा लोकनिंदेला कंटाळून घर सोडतो आणि भिलवडीच्या श्रीभुवनेश्वरीपुढे उपोषित बसतो. देवी प्रसन्न होत नाही असे पाहून तो आपली जीभ छेदून तिच्या चरणी वाहतो. तेव्हा देवी स्वप्नात येऊन त्याला पैलतीरी, औदुंबरातळी बसलेल्या यतींकडे जाण्यास सांगते. श्रीगुरूंच्या हस्तस्पर्शाने त्याला वाचा व विद्या प्राप्त होते. कथेतला चमत्कार सर्वांच्या स्मरणात राहतो. आर्ताला प्रत्यक्ष देवीनेच दुसऱ्या दारी धाडले, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

क्षेत्री राहून सेवा करणाऱ्याचा दिवस स्नान, प्रदक्षिणा, पारायण, आरती आणि प्रसाद यांनी बांधलेला असतो. ज्याची झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, त्याच्या विस्कटलेल्या दिवसाला या नेमाने पुन्हा घडी बसते. रुग्णाची शुश्रूषा करून थकलेल्या आईवडिलांनाही चार माणसांची सोबत मिळते. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु ‘सेवा सुरू आहे तोवर गोळ्या नकोत’ असे काही कुटुंबे परस्पर ठरवितात. मनोविकार, अपस्मार वा मधुमेह यांवरील औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून एकाएकी बंद केल्यास रोग उलटतो. सातारा जिल्ह्यातील गोंदवले येथे श्रीब्रह्मचैतन्य महाराजांची (1845–1913) समाधी आहे. अखंड नामस्मरण व अन्नदान यांसाठी ख्यात असलेल्या त्या संस्थानाने रुग्णालयही चालविले आहे. नामाने औषधाला तेथे कधी मज्जाव केलेला नाही.

अंगात बाधा आहे असे समजून रुग्णाला बांधणे, मारहाण करणे हा 2013 च्या महाराष्ट्र जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना त्या कायद्याची आडकाठी नाही.

रुग्णाला क्षेत्री आणताना डॉक्टरांची चिठ्ठी व पुरेशी औषधे बरोबर असावीत. उपवासाविषयी आधीच विचारून घ्यावे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी औदुंबरच्या मंदिरात शिरते. त्या दिवसांत चौकशी केल्यावाचून निघू नये.